'माया' हा एक शब्द की अनेक? नोंद कशी लिहायची?

शब्दखोर
'माया' या एकाच शब्दावर टिपण करतोय. आतापर्यंत जमलेले अर्थ असे: संस्कृतात भ्रम किंवा ईश्वरी शक्ती, नेपाळीत प्रेम, इंडोनेशियनमध्ये 'आभासी', तुर्कीत विरजण, दक्षिण अमेरिकेतल्या आयमारा भाषेत 'एक' हा अंक, फिलिपीन्समध्ये चिमणीएवढा पक्षी, मध्य अमेरिकेतले माया लोक, ग्रीकांची माइया आणि जपानात याच नावाचा एक डोंगर. शिवाय मराठीतले आपले घरचे: लळा, पैसाअडका आणि शिवणकामातली माया.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यातले मुळातच वेगळे शब्द किती आणि एकाच शब्दाला फुटलेले अर्थ किती? आणि हे ठरवायचं कसं? जालावर शोधलं की 'मयासुर म्हणजेच माया संस्कृती' असला मजकूर पहिला पुढे येतो, म्हणून इथे विचारतोय.

---

मूळपाहा
आधी एक सवय लावून घ्या. रोमन लिपीतलं रूप पुराव्यात धरायचंच नाही. एम-ए-वाय-ए या चार अक्षरांमागे निदान तीन संस्कृत शब्द लपतात: माया, मय (मयसभा बांधणारा असुर) आणि मया ('माझ्याकडून', अस्मद् ची तृतीया). देवनागरीत तिन्ही लगेच वेगळे दिसतात. उलट देवनागरीसुद्धा फसवते. तुर्की, आयमारा आणि फिलिपिनो शब्द आपण सरसकट 'माया' लिहितो, पण तुर्कीत जोर शेवटच्या अक्षरावर येतो आणि आयमारात पहिल्यावर.

तपासायचा क्रम असा ठेवा.

पहिलं, शब्द त्या भाषेच्या स्वतःच्या लिपीत कसा लिहितात आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ. दुसरं, त्या भाषेतली सर्वात जुनी नोंद कधीची आणि तेव्हाचा अर्थ काय. आजचा अर्थ घेऊन मागे गेलात की हमखास चुकता. तिसरं, शब्द परका असेल तर आला कुठल्या वाटेने: व्यापार, धर्म, राज्यकारभार? वाट दाखवता आली नाही तर साम्य योगायोगाचं धरायचं. चौथं, त्याच वाटेने आलेले आणखी शब्द दाखवता येतात का? शब्द सहसा एकटा प्रवास करत नाही.

या क्रमाने चाळल्यावर तुमच्या यादीतले कितीतरी अर्थ आपोआप एकत्र येतात. नेपाळी, इंडोनेशियन आणि जपानी हे तिन्ही संस्कृत 'माया'चेच. इंडोनेशियात 'दुनिया माया' म्हणजे इंटरनेटचं आभासी जग, आणि त्या दोन शब्दांतला 'दुनिया' अरबी आहे. जपानमध्ये कोबे शहरामागचा माया डोंगर बुद्धाच्या आईच्या, मायादेवीच्या नावाने ओळखला जातो. नाव बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथवर गेलं. १९९८ साली आलेलं त्रिमितीय अॅनिमेशनचं 'माया' हे सॉफ्टवेअरही संस्कृतावरूनच. म्हणजे चार ओळींची मिळून नोंद एक.

आणि संस्कृतातला अर्थ 'भ्रम' एवढाच लिहू नका. ऋग्वेदात माया म्हणजे विलक्षण करामत, रूपं घेण्याची ताकद. 'इन्द्रो मायाभिः पुरुरूप ईयते' (६.४७.१८) इथे इंद्र मायांनी अनेक रूपं धरतो, त्यात फसवणुकीचा आरोप नाही. वेदान्तातला भ्रम हा नंतरचा. 'अयोध्या मथुरा माया' या श्लोकातली माया म्हणजे हरिद्वार, तेही याच नोंदीत जाईल, पण विशेषनाम म्हणून.

---

विरजण
तुर्की 'माया'बद्दल लिहितो, कारण तो बहुतेक याद्यांत चुकीच्या खणात पडलेला असतो.

हा शब्द संस्कृताचा नाही. फारसी 'मायः' तुर्कीत गेला. फारसी लिपीत मीम, अलिफ, ये, हे असा लिहितात. अलिफ आहे म्हणजे पहिला स्वर दीर्घ. मूळ अर्थ 'सत्त्व, ज्याच्यापासून पुढचं तयार होतं तो ऐवज'. त्यातून दोन फांद्या फुटल्या. एक स्वयंपाकघरात गेली: खमीर-माये म्हणजे यीस्ट, पनीर-माये म्हणजे दूध फाडून चीज करायला लागणारं रेनेट. दुसरी बाजारात गेली: सर-माये म्हणजे भांडवल. हाच उर्दू-हिंदीतला 'सरमाया' आणि तुर्कीतला 'सेर्माये'. वर मूळपाहा यांनी जी चौथी कसोटी सांगितली ती इथे पुरी होते, कारण विरजण आणि भांडवल हे दोन्ही अर्थ जोडीने तुर्कीत पोचले.

तुर्कीतून पुढे बल्गेरियनमध्ये 'माया' म्हणजे यीस्ट, आणि रुमानियनमध्ये 'माइया' म्हणजे पावासाठी आधी आंबवून ठेवलेलं पीठ. म्हणून हे तीन देश तीन अर्थ म्हणून मोजू नका.

तुर्की क्रियापदंही टिपून ठेवा. 'माया चाल्माक' म्हणजे विरजण लावणे आणि 'माया तुत्माक' म्हणजे विरजण लागणे. तुत्माक म्हणजे 'धरणे', आपण 'लागलं' म्हणतो. नसरुद्दीन होजा तळ्याला विरजण लावत बसतो आणि लोक हसल्यावर 'या तुतार्सा?', म्हणजे 'आणि समजा लागलं तर?' असं विचारतो, ती गोष्ट याच शब्दावर उभी आहे. टिपणात उदाहरण म्हणून ती घ्या. यीस्ट आणि विरजण या दोन्हींना तुर्कीत एकच शब्द का, हे त्यातून आपोआप कळतं: थोडा ऐवज घालायचा आणि सगळं तसंच होऊ द्यायचं.

---

शब्दखोर
हे फारच कामाचं. पण मग मराठीत 'त्याने बरीच माया जमवली' म्हणतो ती माया कुठली? फारसी भांडवलवाली की संस्कृतवाली?

---

मूळपाहा
मी ती संस्कृत नोंदीत ठेवीन आणि शेवटी 'फारसी मायः (भांडवल) याच्याशी ताडून पाहा' असं जोडीन. कारण मराठीत धन ही मायेचीच एक मूर्ती मानण्याची जुनी रीत आहे, कनक आणि कांता दोन्ही मायेत मोडतात. 'संसार ही माया' पासून 'पैसा ही माया' आणि तिथून 'माया जमवली' हा प्रवास मराठीच्या आतच पुरा होतो. बाहेरचा शब्द आणायची गरज पडत नाही. फारसीने त्या अर्थाला बळ दिलं म्हणायचं असेल, तर फारसी शब्द मराठीत आला तेव्हाच्या लेखनात दोन्ही अर्थ जवळजवळ दाखवावे लागतील. तसं उदाहरण हाती नसताना 'फारसीवरून' असं छापू नका.

लळा या अर्थाचंही तसंच. मोहात पाडणारी ती माया, मग मोह, मग जिव्हाळा. नेपाळीत हाच अर्थ मुख्य होऊन बसला. 'माया गर्छु' म्हणजे प्रेम करतो. बोलीत 'मया' असा ऱ्हस्व होतो, ते उच्चारभेद म्हणून लिहा, वेगळा शब्द नव्हे.

---

काजंबटण
शिवणातल्या मायेबद्दल थोडं, कारण शब्दकोशात ती एका ओळीत उरकतात आणि तीही अर्धवट.

माया म्हणजे शिवणीच्या पलीकडे आत राखलेलं जास्तीचं कापड. नुसतं शिवण उसवू नये म्हणून सोडतात ते वेगळं, आणि पुढे सैल करता यावं म्हणून सोडतात ती खरी माया. ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीला साधारण एक ते दीड इंच माया ठेवली की अंगात दोन-तीन इंच वाढवता येतं, कारण पुढचा आणि मागचा भाग मिळून दोन्ही बाजूंची चार टोकं सुटतात. गळ्याला मात्र पाव इंचाच्या वर ठेवायची नाही. गोलाईत जास्त कापड आत दुमडलं की चुण्या पडतात आणि गळा बसत नाही. मुंढ्याला (जिथे बाही जोडतात तिथे) ठेवली तर बाहीच्या घेरालाही तेवढीच ठेवावी लागते, नाहीतर उसवल्यावर बाही जुळत नाही. हीच चूक सर्रास होते. शिवाय माया सोडवल्यावर जुन्या शिवणीची भोकं आणि न उडालेल्या रंगाचा पट्टा दिसतो, म्हणून रेशमी कापडात ती असूनही कधीकधी उपयोगाची नसते.

अर्थाच्या दृष्टीने ही 'साठवून ठेवलेलं' या धनाच्या अर्थाशी लागून आहे. संस्कृत 'मा' म्हणजे मोजणे, म्हणून 'माप' आणि 'माया' जोडायचा मोह होईल. तो आवरा. शिंप्याच्या तोंडी माया ही मापाच्या *बाहेरची* असते.

---

दोनअक्षरी
आता उरलेले. आयमारा, फिलिपिनो आणि मध्य अमेरिका हे तीन एकमेकांशीही संबंधित नाहीत आणि आपल्याशीही नाहीत.

आयमारात अंक असे: माया, पाया, किम्सा, पुसी. एक, दोन, तीन, चार. नुसतं 'माया म्हणजे एक' पाहिलं की कोणीतरी अद्वैत वेदान्तापर्यंत पोचतो. चारही अंक समोर मांडले की तो उत्साह ओसरतो. फिलिपीन्समध्ये 'माया' हे मुनिया आणि चिमणी अशा बारक्या पक्ष्यांचं सामाईक नाव आहे. 'मायांग पुला' म्हणजे तांबडी मुनिया. १९९५ पर्यंत तोच त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी होता, मग ती जागा फिलिपीन गरुडाला मिळाली. 'मायांग सिंबाहान', म्हणजे चर्चमधली माया, ही चिमणी.

असं साम्य येतं कसं, याचा हिशोब एकदा करून पाहा. समजा एका भाषेत २० व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. व्यंजन-स्वर अशी अक्षरं १००, आणि दोन अक्षरी शब्द १००×१०० म्हणजे १०,००० होऊ शकतात. त्यातले २,००० जरी वापरात असले तरी एखादा ठरावीक साचा भरलेला असण्याची शक्यता पाचात एक. जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत. म्हणजे हजाराच्या वर भाषांत 'माया'सारखा काहीतरी शब्द निघायला हरकत नाही, आणि तेही म आणि आ यांची सर्वत्र असलेली चलती न धरता. साम्य सापडणं ही बातमीच नव्हे.

खरं नातं कसं दिसतं? फारसीत पायाला 'पाय' म्हणतात आणि मराठीतही पायच. तिकडे जुन्या 'पाद'मधला द य झाला. इकडे प्राकृतात द गळून त्या जागी य आला. रस्ते वेगळे, मूळ एक. त्या बदलाचे आणखी दाखले दोन्हीकडे मिळतात, म्हणून ते नातं धरायचं.

---

तळटीप
मयासुराचं राहिलंच.

माया हे नाव मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाचं आहे. तिथले लोक आपल्या भाषेला 'माया तआन' म्हणतात, तआन म्हणजे बोली. मायापान हे तिथलं तटबंदीचं शहर, साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकात भरात होतं. १५०२ मध्ये कोलंबसच्या चौथ्या सफरीत होंडुरासच्या किनाऱ्याजवळ एक मोठी व्यापारी होडी भेटली, त्या प्रसंगाच्या नोंदीत हे नाव युरोपीय कागदावर आलं. ग्वाटेमालातले किचे, काक्चिकेल, माम हे समाज स्वतःला आपापल्या नावाने ओळखत. तीसेक भाषांच्या सगळ्या कुळाला 'माया' हे नाव अभ्यासकांनी नंतर लावलं.

आता मयासुरवाला दावा यावर ठेवून पाहा. आपला असुर 'मय', पहिला स्वर ऱ्हस्व. तिकडचा स्वर लांब. तिकडचं नाव एका प्रदेशापुरतं होतं, सगळ्या संस्कृतीचं नव्हतं. वाट नाही, बरोबर आलेले दुसरे शब्द नाहीत. 'दोन्हीकडे पिरॅमिडसारख्या इमारती आहेत' असं कोणी म्हटलं, तरी तो शब्दाचा पुरावा होत नाही.

ग्रीक माइयाचं थोडक्यात. ती अ‍ॅटलासची मुलगी, हर्मीसची आई आणि कृत्तिकांपैकी एक. त्याच नावाचा तारा कृत्तिकांच्या पुंजक्यात आहे. ग्रीकमध्ये 'माइया' ही वडीलधाऱ्या बाईला मारायची हाक आणि सुईणीसाठीचाही शब्द. रोमनांची माइया देवी मुळात वेगळी, नंतर दोघी एक झाल्या. स्पॅनिशमध्ये 'माया' म्हणजे डेझीचं फूल किंवा मे महिन्याच्या सणात सजवून बसवलेली मुलगी, तो मे महिन्याच्या नावावरून. माणसांची नावं मात्र या हिशोबात धरू नका. स्वीडिश 'माया' हे मारियाचं लाडकं रूप आहे, आणि एकाच वर्गातल्या दोन मायांची नावं दोन वेगळ्या मुळांतून आलेली असू शकतात.

---

शब्दखोर
मग मांडणी अशी करतो, चुकत असेल तर सांगा.

माया (१) संस्कृत: शक्ती, भ्रम, मराठी लळा, धन, शिवणीतलं राखलेलं कापड, नेपाळी प्रेम, इंडोनेशियन आभासी, जपानी डोंगर.
माया (२) फारसी: सत्त्व, विरजण, भांडवल, तुर्की, बल्गेरियन, रुमानियन.
माया (३) युकातान.
माया (४) आयमारा: एक.
माया (५) फिलिपिनो: पक्षी.
माइया (६) ग्रीक.
माया (७) स्पॅनिश.

---

मूळपाहा
ठीक आहे. फक्त (७) ला स्वतंत्र आकडा देऊ नका, 'मे' या महिन्याच्या नोंदीकडे बोट दाखवा. आणि (१) मध्ये अर्थांचा क्रम काळाप्रमाणे लावा, 'भ्रम' पहिला आला की वाचणारा ऋग्वेदातली ओळ उलटी वाचतो.