दिवस राहावेत म्हणून ताटात काय काय बदललंत? (आणि कुणाकुणाचं ऐकलंत?)

उंबरठा
काल सकाळी कपिलतीर्थ मंडईत गेले होते. पालेभाजीवाल्या मावशी अजून त्याच जागी, पोतं अंथरून. मला बघून म्हणाल्या, "काय ओ ताई, शेवग्याचा पाला सोडला व्हय?" दहा-बारा वर्षं झाली असतील आणि ह्यांच्या लक्षात! भर बाजारात डोळ्यांत पाणी आलं. मग मुकाट्यानं एक पेंडी घेतली.

२०१३ ची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं, पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. सोनोग्राफीत पीसीओएस निघालं, म्हणजे अंडाशयाचा पाळी बिघडवणारा त्रास. वजन ७८. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच ते दहा टक्के वजन उतरव, बऱ्याच जणींची पाळी तेवढ्यानंसुद्धा रुळावर येते. म्हणजे चार ते आठ किलो. फोलिक अ‍ॅसिडची पिवळी गोळी तेव्हाच चालू केली, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. आपल्याला कळेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. आहाराचा एक कागद दिला, तो मी फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. सासूबाईंची यादी वेगळी, ती तोंडी. दोन्ही याद्या पाळल्या असत्या तर राजगिरा आणि पाणी एवढंच उरलं असतं.

भात एक वाटी, बाकी ज्वारीची भाकरी. संध्याकाळचं भडंग बंद (हे सगळ्यात जड गेलं). मंगळवार-शुक्रवारच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी बंद, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. शेवग्याचा पाला एक दिवसाआड. तो खुडून बोटांना जो हिरवट वास लागतो, तो काल घरी आल्यावर पुन्हा आला. सात महिन्यांत सहा किलो उतरले.

२०१४ मध्ये दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यात गेले. आदल्या आठवड्यात एका बारशाला मी पिकल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. चुलत सासूबाईंनी चारचौघांत विचारलं, "पपई खाल्लीस न्हवं?" झालं. पुढचं वर्षभर माझ्या डोक्यात त्या दोन फोडी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की सुरुवातीला जे गर्भ पडतात त्यातल्या निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांतच गडबड असते, पिकल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नसतं. डोक्याला पटलं. पोटाला पटायला मुलगी व्हावी लागली, २०१५ ला. ती आता आमटीतल्या शेंगा वेचून ताटाच्या कडेला ठेवते.

तुमचं सांगा. काय खावं याची यादी नको, काय झालं ते लिहा.

पांढरा_रस्सा
भडंग बंद?? जयसिंगपूरकरांच्या भावना दुखावल्या आहेत.

पेठेतली
मी तर लई रडलो तेव्हा. आमच्याकडं उलटं होतं, मी बारीक. ४१ किलो. सगळी म्हणायची तूप खा, दूध पी. आमचे हे रोज पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावरनं म्हशीचं दूध आणायचे, समोर धार काढलेलं, फेसासकट. ग्लास तसाच तोंडाला लावायचा, उकळायचं नाही, नाहीतर म्हणे ताकद जाते. चौथ्या महिन्यात डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं तर ते खुर्चीतनं उठायचेच बाकी. कच्च्या दुधातनं ब्रुसेला, लिस्टेरिया असले जंतू येतात, गरोदरपणात तर अजिबात नको, उकळून प्या म्हणाले. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. कट्ट्यावर जाऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं आणि तिथल्या लोकांनी ह्यांनाच येड्यात काढलं 😂

सध्या_पुण्यात
"मी लई रडलो" वाचून माहेरी आल्यासारखं वाटलं. इथं ऑफिसात मी एकदा "मी जेवून आलो" म्हटलं तर सगळे मान वळवून बघायला लागले.

पेठेतली
@सध्या_पुण्यात त्यांना म्हणावं कोल्हापुरात ये मग बघतो तुला

गुऱ्हाळाची_लेक
माहेरी गुऱ्हाळ. त्यामुळं मी दुसऱ्या टोकाची. दिवस राहिले तशी आईनं काकवीचा डबा धाडला, रक्त वाढतं म्हणून. सकाळी वाटीभर काकवी आणि भाकरी, वर संध्याकाळी शेंगदाणा-गूळ. सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात (७५ ग्रॅम असतं ते, प्यायल्यावर उलटी आली तर पुन्हा पहिल्यापासून). १४० च्या खाली पाहिजे, माझी १६८. आणि हिमोग्लोबिन? ९.४. म्हणजे काकवीनं रक्त काही वाढलं नाही, साखर तेवढी वाढली. काकवीमुळंच साखर झाली असं नाही, आमच्या घराण्यातच आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण वाटी बंद. आईला अजून वाटतं की डॉक्टरला गूळ कळत नाही.

मग काय, दोन भाकऱ्या एकदम न खाता एक आत्ता एक नंतर, मूग-मटकी, ताक, जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या. अंगणात ऊस चालू, चुलवाण पेटलेलं, रस उकळल्याचा वास सुटलेला आणि मी फेऱ्या घालत्येय. छळ होता नुसता. इन्सुलिन लागलं नाही.

निवृत्त_सेविका
३१ वर्षं अंगणवाडी केली. काकवीवरून लिहिते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी. त्यासाठी सरकारी लाल गोळी असते, लोह ६० मिलिग्रॅम, १८० दिवस. त्या गोळ्या घरोघरी पोचायच्या आणि नंतर मला माठाच्या मागं, देव्हाऱ्यात, एकदा तर पिठाच्या डब्यात सापडल्यात. कारण विचारलं तर "शी काळी होते" नाहीतर "पोर काळं होतंय". शी काळी होते हे खरं, त्यात काही वाईट नाही. पोराच्या रंगाचा संबंध नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं काही तरी, पेरू, आवळा बरोबर खा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. चहाचं सांगितलं की बायका म्हणायच्या, बाई तुम्ही पण आमचा चहाच धरलासा.
आणि मिश्री. ते कुणी इथं लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. तंबाखूच ती. बाळाचं वजन कमी भरतं. माझ्याच थोरल्या जावेचं बाळ पावणेदोन किलोचं होतं. मला ठाऊक असून मी गप्प बसले, कारण घरात सगळ्याच लावायच्या.

पांढरा_रस्सा
बाई, आता विनोद सुचंना.

फौंड्रीवाला
बाप्यानं लिहिलं तर चालंल का? सगळी यादी बायकांचीच दिसत्येय म्हणून विचारतो.

मी शिरोलीत भट्टीवर होतो, मेल्टिंगला. बायकोनं दीड वर्ष काय काय खाल्लं. मेथी, बदाम, कुठल्या कुठल्या बिया. तिच्या तपासण्या सगळ्या बरोबर. माझी तपासणी करायला मी तयारच नव्हतो, आपल्याला काय झालंय म्हणून. शेवटी तीच म्हणाली, तू जात नसशील तर मी आजपासून मेथी खात नाही. गेलो. शुक्राणूंचा काउंट कमी, हालचाल पण कमी. डॉक्टरनं दोनच गोष्टी विचारल्या, काम काय आणि तोंडात काय. तोंडात मावा होता, तंबाखू-सुपारीचा. तिथंच डस्टबिन दाखवला.

त्यांनी सांगितलं की बीज तयार व्हायला सत्तर-पंच्याहत्तर दिवस लागतात, त्यामुळं आज सुधारलास तर तीन महिन्यांनी दिसंल. उष्णतेचा त्रास असतो त्याला. साहेबाला काय सांगायचं ते कळंना, शेवटी पाठीचं दुखणं सांगून मशीन शॉपला बदली घेतली. मावा सोडताना खिशात फुटाणे ठेवायचो, लाईनवर सगळे मला फुटाणे म्हणायचे, अजून म्हणतात. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला, सहाव्या महिन्यात गोड बातमी. भट्टीनं झालं होतं का माव्यानं, का नुसतं नशीब, ते डॉक्टरनंबी छातीठोक सांगितलं नाही. पोरगी युकेजीत आहे. ती पण मला चिडवताना फुटाणेच म्हणते.

उंबरठा
@फौंड्रीवाला नाद खुळा! हेच आमच्याकडं झालं नाही बघा. मी भाकरी मोजून खात होते आणि समोर रविवारी ह्यांचं ताट, तांबडा-पांढरा, वर हाड चोखल्याचा आवाज. "तुला डाएट आहे ना" म्हणून माझ्या वाटीत नुसता कट. ह्यांची तपासणी कुणी सुचवलीच नाही, चुलत सासूबाईंनी तर नाहीच.

हातकणंगलेकर
आम्ही जैन. कोल्हापूरच्या बाहेर कुणाला सांगितलं की दचकतात, कोल्हापुरी आणि मटण नाही? या एकदा हातकणंगले-शिरोळला.
मला दिवस राहायच्या आधी बी१२ व्हिटॅमिनची रक्ततपासणी करायला लावली, ११० निघालं, म्हणजे फारच कमी. त्याआधी दोन वर्षं हाताला मुंग्या येत होत्या, मी मोबाइलला दोष देत होते. भाज्या-डाळींत बी१२ मिळत नाही, दुधा-दह्यात थोडं असतं. इंजेक्शनं घ्यावी लागली. आजेसासू म्हणाल्या सात पिढ्या असंच खाऊन झाल्या. मी म्हटलं सात पिढ्यांची तपासणी कुठं झाली. मग चातुर्मास आला, त्याचं वेगळंच रामायण, ते नंतर लिहिते, कुकर झालाय.

नुसती_वाचक
लिहावं की नको असं दोन तास चाललंय.
मला मूल नाही. सगळं केलं. शतावरी दुधातून, सकाळी अनशापोटी भिजवलेले काळे मनुके, जवस-भोपळ्याच्या बिया पंधरा-पंधरा दिवस बदलून, गहू-मैदा बंद, दूध बंद, मग पुन्हा दूध चालू. येईल त्या पाहुणीच्या पिशवीत काही तरी असायचंच माझ्यासाठी. अडीच वर्षांनी एचएसजी केली (गर्भनलिकांची एक्स-रे तपासणी), दोन्ही नळ्या बंद निघाल्या. नळ्या कशाने बंद होतात, कशाने उघडतात, त्यात मनुक्यांचं काय काम? पण तोवर अडीच वर्षं गेली होती, मी ३६ ची झाले होते. आयव्हीएफ दोनदा केलं, नाही झालं. थांबलो.
शतावरीचा वास अजून सहन होत नाही. नणंदेच्या घरी डबा उघडला तरी मी बाहेरच्या खोलीत जाते.
तुमच्या पपईच्या दोन फोडी वाचल्या म्हणून लिहिलं.

उंबरठा
बरं केलंस लिहिलंस. मला काय बोलावं सुचत नाहीये. भेटायचं का कधी, रंकाळ्यावर? कुणाच्याही पिशवीत काही नसेल.

नुसती_वाचक
भेळ चालेल.

पेठेतली
मी पण येतो

निवृत्त_सेविका
ज्या कुणी आत्ता प्रयत्नात आहेत त्यांनी एवढं वाचावं: पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने, तेवढं बघून दोघांनीही तपासण्या करून घ्याव्यात. पाळीच वेळेवर येत नसेल तर तेवढंही थांबू नये. बिया खायच्या तर खा, पण तपासणी पुढं ढकलून नको.

आजी_फुलेवाडी
नातीने टाईप करायला शिकवले. मला चार मुले. ७८ साली पहिला. शेतात खुरपत होते. तेव्हा कसले डाएट. मिळेल ते खायचे आणि कडक डोहाळे लागायचे. मला भाजलेल्या मातीचे लागले होते. चुलीची माती खायचे लपून.

निवृत्त_सेविका
@आजी_फुलेवाडी आजी, ते रक्त कमी असल्याचं लक्षण असतंय बऱ्याचदा. माती खाणाऱ्या बायकांना आम्ही आधी रक्त तपासायला पाठवायचो.

आजी_फुलेवाडी
असेल बाई. पण काय वास यायचा.

सध्या_पुण्यात
मला सातवा चालू आहे (हो हो, सांगणार होते 🙈). आईनं आत्ताच अळिवाचे आणि डिंकाचे लाडू करून पाठवलेत. खाऊ का?

गुऱ्हाळाची_लेक
अगं अभिनंदन!! अळीव बाळंतपणानंतर असतात ना? आमच्यात आधी देत नाहीत. आई विसरल्या काय?

सध्या_पुण्यात
आई म्हणते फ्रीजरमध्ये ठेव, तेव्हा वेळ मिळणार नाही. दोन महिने आधी. कुरियरवाला पण हसला, पार्सल पाच किलो.

हातकणंगलेकर
साखर तपासलीस ना? गूळ आहे त्यात, ग्लुकोजचं पाणी झालं का पिऊन?

सध्या_पुण्यात
झालं. १२२. पण कॉफीवरून ओरडा बसला, दिवसाला चार मग व्हायचे. दोनशे मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहा म्हणाले, आता एकच पिते आणि तो पण बघत बघत.

पांढरा_रस्सा
गंभीर प्रश्न. बायको सध्या प्रयत्नात आहे, म्हणजे आम्ही आहोत (फौंड्रीवाले बघतायत). पंधरा दिवस झाले, मी पण तिच्याबरोबर भाकरी-पालेभाजीवर. शेवग्याचा पाला करायचा कसा? परवा केला तर कडू जहर झाला.

उंबरठा
जून पाला घेतला असणार. कोवळा शेंडा घ्यायचा, देठ काढून. लसूण-मिरची तेलात, मूगडाळ भिजवलेली, मग पाला, झाकण ठेवायचं नाही. शेवटी ओलं खोबरं मूठभर. कांदा-लसूण चटणी घालू नकोस, मोह होईल.

पांढरा_रस्सा
चटणीच घातली होती.

पेठेतली
😂😂 मावशी कुठं बसतात नेमक्या?

उंबरठा
कपिलतीर्थला आत शिरलं की पालेभाज्यांच्या ओळीत, शेवटून दुसऱ्या. हादग्याची फुलं पण असतात त्यांच्याकडं. नऊच्या आत जा, नंतर नुसते देठ उरतात.

पांढरा_रस्सा
उद्या जातो. उंबरठाताईंनी पाठवलं म्हणून सांगू का?

उंबरठा
नाव माहीत नाही त्यांना माझं. शेवग्यावाली म्हणा.