शब्दचर्चा: मॅक्रोतली ‘तारीख’ की ‘दिनांक’?

कोथरूडकर: हिंजवडीत नव्याने लागलेल्या पोरांसाठी सॅस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं मराठी टिपण लिहितेय. फॉरमॅट करून मॅक्रो व्हेरिएबलमध्ये ठेवलेल्या तारखेला काय म्हणावं? ‘स्वरूपित तारीख’ लिहून पाहिलं, पण वाचताना जीभ अडखळते.

आकडेमोड: ‘स्वरूपित’ नकोच. सॅस तारीख ठेवतं ती १ जानेवारी १९६० पासूनचे दिवस मोजून. तो दिवस शून्य. महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० म्हणजे १२१. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, म्हणजे ५५८. आणि १५ ऑगस्ट १९४७? उणे ४५२२! आता हा ५५८ म्हणजे अक्षरशः दिनांक, दिन अधिक अंक. डोळ्यांना दिसते ती तारीख. दोन शब्द घरातच होते, आपण ते एकाच अर्थाने वापरत बसलो.

कोथरूडकर: पण सरकारी फॉर्मवर ‘दिनांक’पुढेच १२/०७/१९६१ लिहितात की.

आकडेमोड: लिहितात, आणि बरोबरच आहे. सावरकरांच्या शब्दांच्या यादीत ‘दिनांक’ हटकून असतो, तोही तारखेचा प्रतिशब्द म्हणूनच. माझी फोड टिपणापुरती. मॅक्रो व्हेरिएबलला मात्र ‘चल’ म्हणू नका, ती चिठ्ठी आहे. तिच्यावर नुसता मजकूर असतो. अँपरसँड (&) लावून हाक मारली की तो मजकूर जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये येऊन बसतो. चिठ्ठीवर १२/०७/१९६१ असेल आणि तुम्ही ती अवतरणाशिवाय तुलनेत टाकलीत, तर सॅस भागाकार करतं: बारा भागिले सात भागिले १९६१. उत्तर ०.०००८७. ‘या तारखेनंतर आलेले रुग्ण’ काढायला गेलो, तर फाइलमधले झाडून सगळे आले, कारण प्रत्येकाचा दिनांक त्याहून मोठाच. एरर नाही, वॉर्निंग नाही. अर्धा दिवस गेला.

कोथरूडकर: मग चिठ्ठीवर लिहायचं काय?

आकडेमोड: नुसती तुलनाच करायची तर दिनांक, म्हणजे ५५८. शीर्षकात छापायची तर तारीख. दोन्हीकडे चालवायची तर डेट९ फॉरमॅट, म्हणजे 12JUL1961 असं रूप, आणि तुलनेच्या जागी ती अवतरणात घालून मागे ‘डी’ जोडायचा. अवतरण दुहेरीच हवं. एकेरीत चिठ्ठी उघडतच नाही.

सदाशिवपेठी: एवढं रामायण झालं आणि शब्द समोर पडलाय तो कुणालाच दिसेना! आकड्यावर फॉरमॅट चढवणारं फंक्शन कुठलं? पुट. मराठीत पुट म्हणजे थर. हळदीचं पुट देतात, भांड्यावर धुळीचं पुट चढतं. ५५८ वर डेट९चं पुट चढवलं, की चिठ्ठीवर टाकायला तारीख तयार. इनपुट तेच पुट खरवडून आतला आकडा बाहेर काढतं. दोन ‘पुटां’चा एकमेकांशी काही संबंध नाही, ठाऊक आहे मला. पण पोरांच्या लक्षात राहील.

कोथरूडकर: ‘पुटाची तारीख’. घेतला! आता चिठ्ठीवर मजकूर टाकणाऱ्या ‘सिमपुटएक्स’ला काय म्हणू?

सदाशिवपेठी: सिमपुटएक्सच म्हणा. मागचीपुढची मोकळी जागा छाटतं, एवढं सांगितलंत की पुरे.