पिनहोलचे फोटो फारच सॉफ्ट येतायत, भोक अजून लहान करू का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, महिनाभर झाला पिनहोलचं, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोकातून फोटो काढायचं वेड लागलंय. निकॉन डीएसएलआरची एक जास्तीची बॉडी कॅप (लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायचं झाकण) होती, तिला मधोमध ड्रिल मारून आतून किचनमधली फॉइल चिकटवली आणि शिवणाच्या सुईने भोक पाडलं. वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर पहाटे जाऊन फोटो काढले, नदीचं पाणी दुधासारखं आलं ते फार म्हणजे फार आवडलं, पण देवळाच्या कडा, घाटाच्या पायऱ्या सगळं पुसट. म्हटलं भोक मोठं झालं असेल, म्हणून दुसऱ्या फॉइलला सुईचं नुसतं टोक टेकवलं. आता आधी ८ सेकंदात येणारा फोटो दोन मिनिटं मागतोय आणि वर जास्तच धूसर! शाळेत तर शिकलो होतो की भोक जितकं लहान तितकी प्रतिमा स्पष्ट. मग हे उलटं कसं? आणि एक्स्पोजरचं, म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा याचं काही गणित असतं का, मी सगळं अंदाजपंचे करतोय.

अंधारखोली
लहान करू नका, तुम्ही आधीच पलीकडे गेलात. वेळ १५-१६ पट झाला म्हणजे भोकाचा व्यास चौथाईवर आलाय. एका मर्यादेनंतर प्रकाश कडेवरून वाकून पसरतो, तेच डिफ्रॅक्शन, पुस्तकातलं विवर्तन. भोकापासून सेन्सरपर्यंतचं अंतर मिमीमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ०.०४५ ने गुणा. निकॉन डीएसएलआरला ते अंतर ४६.५ मिमी, म्हणजे भोक साधारण ०.३ मिमी हवं. काही जण ०.०३७ ने गुणतात, त्याने ०.२५ येतं. या दोन्हीच्या मधे कुठेही चालेल. मोजायला भोक फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला स्कॅन करा, १ पिक्सेल म्हणजे जवळपास ०.०१ मिमी.

डबाकॅमेरा
वरचं बरोबर आहे पण मापापेक्षा आधी ती फॉइल काढा हो, ती सुईने फाटते, गोल भोक पडतच नाही, कडेला चिंध्या राहतात आणि त्या चिंध्याच फोटो खराब करतात. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घ्या, खाली जाड पुठ्ठा ठेवून सुईने नुसता फुगवटा आणा, आरपार जाऊ नका, मग मागून तो फुगवटा बारीक पॉलिश पेपरने, १००० नंबर किंवा त्याहून बारीक, घासत राहा. भोक आपोआप उघडतं, मग सुई हलक्या हाताने फिरवायची, परत घासायचं. मी एका भोकाला अर्धा तास देते आणि दहातली दोन मनासारखी होतात.

आता मुख्य गोष्ट. पिनहोलमध्ये प्रत्येक बिंदूचा ठिपका साधारण भोकाएवढा पडतो. ०.३ मिमीचा ठिपका आणि फुलफ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे पूर्ण रुंदीत १२० ठिपके, क्रॉप म्हणजे त्याहून छोट्या सेन्सरवर तर ८० च. तुमच्या पायऱ्या त्यात मावणार कुठे? मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतून मॅट काळा रंगवून वापरते, १०० मिमी खोल, भोक ०.४५, आत ५ बाय ७ इंचाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटोपेपर. १७८ मिमी लांबीत तेच ठिपके ४०० च्या आसपास बसतात. भोक मोठं असूनही फोटोत विटा दिसतात! हंपीला विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते ती पाहिलीय ना? तिथली फट सुईच्या भोकाच्या कितीतरी पट मोठी आहे पण अंतरही तेवढंच लांब, त्यामुळे गोपूर ओळखू येतं. मी तिथे तासभर बसून होते, हललेच नाही.

बल्बमोड
एक्स्पोजरचं बघा. अंतर भागिले व्यास म्हणजे एफ नंबर, ०.३ च्या भोकाला तुमचा एफ/१५५. एफ/१६ ला कॅमेऱ्याचं लाइट मीटर जे सांगेल त्याच्या ९४ पट वेळ द्यायचा. कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला सेकंदभरच लागतो, सकाळी मीटर पाव सेकंद म्हणालं तर २३-२४ सेकंद. ३० च्या पुढे बल्ब मोड (आपण थांबवू तोवर शटर उघडं राहतं) आणि रिमोट, आणि व्ह्यूफाइंडरवर काळी टेप लावा, लांब एक्स्पोजरला तिथून उजेड आत शिरतो, मला हे कळायला दोन ट्रिपा गेल्या.

फिल्म वापरणार असाल तर वेगळी भानगड, लांब एक्स्पोजरला तिची संवेदनशीलता घटत जाते. इलफर्ड एचपी५ प्लस या फिल्मला कंपनीने मोजलेल्या सेकंदांवर १.३१ चा घात दिलाय, म्हणजे मोजून १० सेकंद आले तर २० द्या, ३० आले तर जवळपास दीड मिनिट, आणि १ मिनिट आलं तर साडेतीन मिनिटं. डिजिटलला ही कटकट नाही, फक्त नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे वाढतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार. स्कॅन केलं, पहिलं भोक ५७ पिक्सेल म्हणजे ०.६ आणि दुसरं १४ म्हणजे ०.१५, दोन्ही दोन टोकांना! कॅनच्या पत्र्यावर चौथ्या प्रयत्नात २९ पिक्सेलचं जमलं, काल घाटावर गेलो, कडा अजून मऊच आहेत पण पायऱ्या मोजता येतायत. डबाकॅमेरा ताई, आता डबाच करतो. पेपरला उन्हात वेळ किती? आणि घरात डार्करूम नाही.

डबाकॅमेरा
पेपर आयएसओ ६ धरा, डब्याचा एफ/२२० च्या आसपास, कडक उन्हात अर्धा मिनिट, ढगाळ असेल तर दोन-तीन मिनिटांपासून सुरू करा. पेपरला निळा प्रकाश जास्त दिसतो म्हणून आकाश पांढरं फटक येतं, ते आवरायला भोकापुढे पिवळा फिल्टर लावलात तर वेळ वाढेल. डार्करूम म्हणजे आमचं बाथरूमच, रात्री, लाल दिवा, तीन ट्रे. दिव्याखाली पेपरवर नाणं ठेवून पाच मिनिटं थांबा आणि डेव्हलप करा, नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला. पेपर डब्यात घट्ट बसवा, माझा पहिल्यांदा घसरला होता.