सल्ला हवा : जुन्या पद्मिनीचे मोडके मोनोग्राम आणि पोचे आलेलं बीडिंग

धुळे_पद्मिनी
नमस्कार मंडळी. गाडी 1978 ची प्रीमियर पद्मिनी. पत्रा, रंग, इंजिन झालंय, अडलंय ते मोनोग्राम (गाडीच्या नावाची धातूची चिन्हं) आणि बीडिंग (बाजूच्या चकचकीत धातूच्या पट्ट्या) यांच्यापाशी.

डिकीवरच्या अक्षरांच्या मोनोग्रामचे दोन तुकडे झालेत आणि मागच्या दोन पिना मुळापासून तुटल्यात. पुढच्या मोनोग्रामच्या निकलच्या मुलाम्याला फोड आलेत, आतला रंग उडालाय. बाजूच्या बीडिंगला दोन पोचे आहेत. बाजारात मिळतात ते प्लास्टिकचे, भोकांना जुळत नाहीत. मूळचंच दुरुस्त करायचंय. इथला एक गॅस वेल्डिंगवाला जोडून देतो म्हणतोय. देऊ का?

खान्देशी_गॅरेज
गॅसवाल्याकडे अजिबात देऊ नका भाऊ. त्या काळातले ओतीव मोनोग्राम बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तो 380 ते 390 अंशांना वितळतो आणि वितळण्याआधी रंग बदलून इशाराही देत नाही. ज्योत लागली की अक्षर गळून खाली पडतं.

आधी धातू ओळखा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानस मारा. पिवळं निघालं तर पितळ. राखाडी-पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम की जस्त हे वजनावरून ठरवा. सराफाच्या वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. तुकडा दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिली त्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. उत्तर 6.6 च्या आसपास आलं तर जस्त, 8.5 आलं तर पितळ, 2.7 आलं तर ॲल्युमिनियम. म्हणजे 40 ग्रॅमचा तुकडा 6 मिली दाखवत असेल तर जस्तच.

तापीकाठ
वरच्याशी सहमत. आता जोडण्याचं. पुन्हा निकल-क्रोम करायचंय की आहे तसंच लावायचंय, हे आधी ठरवा. पद्धत त्यावर अवलंबून आहे.

निकल करायचं नसेल तर अॅराल्डाइट (रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) पुरे. पाच मिनिटांत सुकणारं नको, साधं 24 तासांचं घ्या. 100 ग्रॅम रेझिनला 80 ग्रॅम हार्डनर हे प्रमाण अंदाजाने टाकू नका. हार्डनर कमी-जास्त झालं की सांधा मऊ राहतो, कडक होत नाही. नुसत्या कडेला कडा चिकटवून काही टिकत नाही. अक्षरं मागून पोकळ असतील तर 1 मिमी पितळी पट्टी मागे बसवा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान 15 मिमी. दोन्ही पृष्ठभाग 120 च्या पेपरने खरवडून थिनरने पुसा.

निकल करायचं असेल तर अॅराल्डाइट विसरा. त्यातून वीज जात नाही, त्यामुळे सांध्यावर निकल चढतच नाही, आणि गरम टाक्यांमध्ये सांधा सुटतो. तेव्हा या तुकड्यांवर आधी प्लेटिंगवाल्याकडून तांब्याचा थर चढवून घ्या, मग मागे पट्टी लावून 60/40 कथलाने (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) डाक द्या, म्हणजे सोल्डर करा. हे कथील 190 अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे जस्ताला धोका नाही. ज्योत नको, 60 ते 100 वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि हात लवकर उचला. तांब्याचा थर पातळ असेल तर तो कथलात विरघळतो आणि खालच्या जस्तावर डाक धरत नाही. म्हणून थर जाड मागा.

निकलवाला_दोस्त
फोडांबद्दल. निकलच्या बारीक छिद्रांतून पाणी आत जातं, खालचं जस्त पांढरी भुकटी होऊन फुगतं आणि निकलला वर ढकलतं. नुसतं घासून वरून निकल मारलं तर काही महिन्यांत त्याच जागी फोड परत येतो. प्रत्येक खड्डा बारीक गोल बरने (ड्रिलला लावायच्या कोरणीने) चकचकीत धातू दिसेपर्यंत कोरावा लागतो. मग तांबं, खड्ड्यात कथील, घासून सपाट, पुन्हा तांबं, निकल, शेवटी क्रोम.

जुनं क्रोम काढायला घरी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका. क्रोम निघतं खरं, पण ॲसिड फोडांतून आत शिरून जस्त खातं आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात.

प्लेटिंगवाल्याला एकच प्रश्न विचारा : जस्तावर पहिला थर सायनाइड तांब्याचा (सायनाइडच्या टाकीत चढवलेल्या तांब्याचा) देता का? "डायरेक्ट निकल मारतो" म्हणाला तर माल परत आणा. ॲसिड-तांब्याच्या टाकीत उघडं जस्त विरघळायला लागतं. सायनाइडचं काम घरी करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे असा माणूस नाही सापडला तर नाशिक किंवा संभाजीनगरच्या एमआयडीसीत चौकशी करा. गाड्यांच्या कारखान्यांमुळे तिथे प्लेटिंगची कामं भरपूर चालतात. पाठवण्याआधी प्रत्येक तुकड्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि वजन लिहून ठेवा.

धुळे_पद्मिनी
खूप आभार. वजन करून पाहिलं, 6.7 आलं, म्हणजे जस्तच. निकल करूनच घेतो. पिना कशा बसवू? आणि आतल्या रंगासाठी जळगावच्या सराफ बाजारातला मीनाकाम करणारा कारागीर चालेल का?

तापीकाठ
खरा मीना म्हणजे काच. ती 750 ते 850 अंशांवर भाजावी लागते. तुमचं जस्त त्याच्या निम्म्यावरच पाणी होईल. त्या कारागिराकडे न्यायचंच तर पूर्ण मोडलेला मोनोग्राम न्या. दागिन्यांचं कास्टिंग करणारे रबरी साच्यावरून मेण काढून पितळेत नवा ओतून देऊ शकतात. फक्त पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आटतं; 150 मिमीच्या अक्षरपट्टीत दोन-तीन मिमीचा फरक पडतो, म्हणून पिना ओतायच्या नाहीत, डिकीची भोकं पाहून नंतर बसवायच्या.

रंगासाठी गाडीचा टू-के पीयू रंग (हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन), इंजेक्शनच्या सिरिंजने. निकलचा तळ 400 च्या पेपरने हलका खरवडा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. एकदाच जाड थेंब टाकला तर वर साय धरते आणि खाली ओला राहून सुरकुततो. दोन-तीन पातळ हात द्या. इपॉक्सी टाळा, आपल्या उन्हात पिवळं पडतं. पीयूच्या हार्डनरसाठी योग्य मास्क लावा, उघड्यावर काम करा.

खान्देशी_गॅरेज
पिना : निकलला देण्याआधीच मागच्या उंचवट्यात 2.5 मिमीचं भोक पाडून एम-3 ची टॅप मारा, म्हणजे 3 मिमीचे आटे पाडा. समोरून भोक पडू नये म्हणून ड्रिल बिटवर खोलीच्या मापाला टेप गुंडाळा. भोकात प्लास्टिकचा स्क्रू ठेवूनच माल पाठवा. परत आल्यावर 15 मिमी लांब पितळी आटेदार सळई, आट्यांना थोडं अॅराल्डाइट.

अॅराल्डाइटच्या एकट्या भरवशावर किंवा डबल टेपवर राहू नका. ते साठ अंशांपुढे ढिलं पडतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा त्याच्याही वर तापतो. पकड आट्यांचीच हवी.

डिकीच्या भोकांच्या कडेला प्रायमर लावा, पिनेला रबरी वॉशर घाला. मोनोग्रामखाली सडतो तो पत्रा याच भोकांतून आलेल्या पाण्याने. नट हाताने टेकवून फक्त पाव फेरा; जास्त आवळला की उंचवटाच उपटतो.

बीडिंग_भुसावळ
बीडिंग चुंबकाला चिकटत नाही म्हणून स्टील नाही असं समजू नका, चांगलं स्टेनलेसही चिकटत नाही. मागच्या बाजूला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही.

स्टेनलेस असेल तर बाभळीच्या ठोकळ्यावर पालथं ठेवून 100 ग्रॅमच्या हातोडीने पोच कडेकडून मधे उचला. एका जागी जोर दिला तर पत्रा ताणला जातो आणि उंचवटा कायमचा राहतो. मग 400, 600, 1000 चा वॉटर पेपर आणि बफ. बफिंग स्टीलची भांडी चकचकीत करणाऱ्याकडे होतं, पण बीडिंग लाकडी फळीला बांधूनच धरायला सांगा. मोकळी पट्टी चाकात अडकली तर पट्टीही जाते आणि हातही.

धुळे_पद्मिनी
थेंबाला बुडबुडे आले, म्हणजे ॲल्युमिनियम. पोच तसाच काढू?

बीडिंग_भुसावळ
हो, पण लाकडाच्या हातोडीने, आणि त्याच जागी वारंवार ठोकू नका, ॲल्युमिनियम चिरतं. वरचा ॲनोडाइजचा (कारखान्यात चढवलेला कडक ऑक्साइडचा) थर आधी उतरवा, तो असेपर्यंत पॉलिश चढत नाही : एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम कॉस्टिक, काही मिनिटं, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, अंगणात. पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला की लगेच बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवा. बफवाल्याला स्टीलसाठी वापरलेलं चाक लावू देऊ नका, त्यातला कण ॲल्युमिनियमवर ओरखडे काढतो.