चिलोए की थेट दक्षिण टोक?

दादा: आत्या, चिलीच्या दक्षिणेचा आराखडा पाठवला आहे. प्वेर्तो मोंत, चिलोए बेट, पुंता आरेनास, तिएरा देल फुएगो आणि शेवटी प्वेर्तो विल्यम्स असे सगळे एकाच सुट्टीत बसवले आहे. तू तिकडे जाऊन आली आहेस, म्हणून बुकिंग करण्यापूर्वी तुझे मत हवे आहे.

आत्या: एवढे टप्पे एका सुट्टीत कोंबू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. प्वेर्तो मोंत आणि पुंता आरेनास यांच्यामधला किनारा फ्योर्ड (जमिनीत आत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे) आणि हिमनद्यांनी इतका चिरलेला आहे, की चिलीच्या हद्दीतून सलग रस्ताच नाही; गाडीने जायचे तर अर्जेंटिनातून वळसा घ्यावा लागतो. पुंता आरेनासहून प्वेर्तो विल्यम्सला जाणारी फेरीबोट 30 तासांच्या आसपास घेते, आणि मॅगेलनच्या सामुद्रधुनीत वारा चढला की बोटी सुटत नाहीत, मग पुढचे एकूण एक आरक्षण कोलमडते.

माझे ऐकशील तर या वेळी फक्त चिलोए कर. मुख्य भूमीवरच्या पार्गुआहून गाडीसकट बोटीवर चढले, की साधारण अर्ध्या तासात बेटावर उतरता येते. बेटावरच्या कास्त्रो शहरात खाडीकाठी लाकडी खांबांवर उभी असलेली रंगीत घरे, म्हणजे पालाफितो, भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी पाहा, कारण पाणी ओसरले की घरांखालचा सगळा चिखल उघडा पडतो आणि तेच ठिकाण ओळखू येत नाही. तिथली 16 लाकडी चर्च 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. ती बांधताना बोटी घडवणाऱ्या सुतारांचेच कसब वापरले गेले. किंचाओ बेटावरचे आचाओचे चर्च अठराव्या शतकातले आहे. त्याच्या लाकडी छताखाली शांतपणे बसायला वेळ ठेव. मला ते कास्त्रोच्या मोठ्या चर्चपेक्षाही अधिक आवडले.

धाकटे काका: मुलांना पेंग्विन पाहायचे आहेत. त्यासाठी पुंता आरेनासजवळच्या माग्दालेना बेटावर जावेच लागेल ना?

आत्या: नाही. चिलोएवरच्याच आंकुदजवळच्या पुन्यिवीलच्या खडकाळ बेटांवर हम्बोल्ट आणि मॅगेलन या दोन्ही जातींचे पेंग्विन घरटी करतात, आणि दोन्ही एकत्र दिसणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. छोट्या बोटीतून लांबूनच पाहायचे असते.

ताई: सामानात सुकामेवा आणि मसाले नेले तर चालतील का?

आत्या: चिलीत वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य पदार्थांबाबत विमानतळावर काटेकोर तपासणी होते. जे काही असेल ते प्रवेशाच्या वेळी जाहीर करायचे. लपवलेले सापडले तर दंड होतो. बिया आणि ताजी फळे मात्र नेऊच नका.

दादा: मग दक्षिण टोक या वेळी वगळतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत फक्त चिलोए ठेवतो.

आत्या: त्या महिन्यांत पाऊस तुलनेने कमी असतो, पण चिलीतल्या लोकांचीही तीच सुट्टी असते. कास्त्रोतल्या खोल्या आधी बघ, बोटींचे नंतर ठरव.