मदत हवी आहे: टेबल सॉचा फेन्स लॉक करताना सरकतो

घरी 10 इंची ब्लेडचं छोटं टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडची विजेची करवत) आहे. मूड असेल तर लोण्यासारखं कापतं, नसेल तर फळी अर्ध्यात अडकते, कडा काळ्या पडतात आणि खोलीभर जळका वास.

ब्लेड माईटर स्लॉटला (टेबलावरची ब्लेडशेजारची सरळ खाच) समांतर आहे. एका दातावर खूण करून तोच दात पुढे-मागे फिरवून मोजलं, फरक नाही. गडबड फेन्सचीच, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवतो त्या पट्टीची. लिव्हर दाबला की मागचं टोक मिलिमीटरभर ब्लेडकडे सरकतं. फळी मागच्या दातांशी चेपून किकबॅक यायला (फळी जोरात आपल्याकडे उडायला) तेवढं पुरे, म्हणून उभे काप सध्या बंद. (रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट मिटू न देणारी ब्लेडमागची पाती, लावलेला आहे, तरी भीती वाटतेच.) मागून क्लॅम्प लावला की नीट चालतं, पण दर कापाला ते करत बसण्यापेक्षा हातकरवत बरी. कुणी यावर पक्का जुगाड केलाय का?

मोटरचं रडगाणं वेगळंच. लोड आला की ठिणग्या उडतात, आवाज बसतो. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) बदलले तरी तेच. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ करून भागेल की आर्मेचरच (मोटरचा गुंडाळीवाला फिरता गाभा) गेलं असेल, कसं ओळखायचं?

‘विकून टाक’ हा सल्ला घरात रोज मिळतो, तो सोडून सांगा.