जेवणाआधी घरी: बेळगावच्या आसपासची अर्ध्या दिवसाची भटकंती (अनुभव धागा)

लवकर निवृत्त झालं की गुडघेही शाबूत असतात आणि वेळही हातात असतो. काशी-रामेश्वरची माहिती कुठंही मिळते. इथं हवी आहे ती सकाळी निघून दुपारी घरी पोचता येईल अशा फेरीची, नाहीतर घरीच करण्यासारख्या एखाद्या आनंदाची. ‘जागा मस्त आहे’ एवढ्यावर थांबू नका. गाडी कुठली, चढ किती, सावली आहे का आणि नेमकं कुठं फसायला होतं, तेही लिहा.

शहापूरहून

आधी तिकिटाचं बघा. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. पैसे पडत नसले तरी शून्याचं तिकीट घ्यायचंच आणि उतरेपर्यंत जपायचं. घोटाळा होतो तो हद्दीवर. महाराष्ट्राच्या एसटीत ही योजना नाही, आणि चंदगड-कोल्हापूरकडच्या गाडीत ती चालेलच असं धरून बसू नका. चढण्याआधी कंडक्टरला विचारा. कर्नाटकच्या बसमध्ये पुरुषांना साठीनंतर २५ टक्के सवलत मिळते, त्याआधी पूर्ण तिकीट.

खानापूरहून

हलशीला या. बेळगाव-खानापूर साधारण २६ किलोमीटर, पुढं हलशी चौदा-पंधरा. खानापूर स्टँडवर उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या. दुपारची एक चुकली की लटकायला होतं.

कदंबांची ही जुनी राजधानी. भूवराह-नरसिंह देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत, आणि लोक एकाचं दर्शन घेऊन घाईनं बाहेर पडतात. तसं करू नका. उन्हातून आत आल्यावर पहिली दोन मिनिटं काही दिसतच नाही. मंडपात खांबाला टेकून डोळे निवू द्या. मग एका टोकाला भूदेवीला उचलून धरणारा वराह आणि दुसऱ्या टोकाला बसलेला विष्णू हळूहळू उमटायला लागतात. खांबांचं कोरीवकाम बघायचं तर बॅटरी समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. बाजूनं, तिरपी धरा. सावल्या पडतात आणि दगडावरची प्रत्येक रेघ उठून दिसते. पुजाऱ्यांना विचारून, मूर्तीवर झोत न टाकता.

चपला बाहेर काढाव्या लागतात. मार्चनंतर अकरा वाजता फरशी पाय भाजते, म्हणून जाड सुती मोजे पिशवीत असू द्या. पावसाळ्यात उलट, शेवाळ धरलेलं असतं, तेव्हा मोजे घालून अजिबात चालू नका. घसरायला होतं.

खानापूरजवळ असोग्याला मलप्रभेकाठी बसायचं असेल तर हिवाळ्यात. पावसाळ्यात पाण्याला ओढ असते, घाटाच्या पायऱ्याही उतरू नयेत.

येळ्ळूरहून

राजहंसगडावर गाडी थेट वर जाते, पण खालीच उतरून शेवटचा चढ चालत घ्या. थांबत थांबत. वर सावली नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे आठच्या आत पोचायचं. वारा जबर असतो. छत्री उलटते, टोपी बांधायची हवी. परतताना शिवारातून या. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर धरतात, थंडीत हिरवंगार दिसतं.

टिळकवाडीहून

रोजच्या चालण्यासाठी व्हॅक्सिन डेपोचं आवार. झाडी दाट, जमीन मऊ, टाचदुखीवाल्यांना डांबरी रस्त्यापेक्षा बरं.

अनगोळहून

मी घरचा कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई, कसा करायचा ते सांगते. म्हशीचं दूध एक लिटर, साखर दीडशे ग्रॅम, दही दोन चमचे. बूड जाड आणि तोंड रुंद अशी कढई घ्या. दूध मध्यम आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा, कडेची साय खरवडून आत ढकलत राहा. मग दही घाला, तेही एकदम नाही, अर्धा अर्धा चमचा. बारीक रवाळ फुटलं की दही थांबवा. जास्त झालं तर पनीरसारखे गोळे होतात आणि आंबटपणा जात नाही.

साखरेतली तीन चमचे बाजूला ठेवून बाकीची आता घाला. ठेवलेली साखर लोखंडी पळीत कोरडीच वितळवा, मधासारखा रंग आला की लगेच कढईत ओता. उसळतं, हात लांब ठेवा. काळी पडू दिली तर सगळा कुंदा कडू. पुढं बारीक आचेवर ढवळत राहायचं. आधी फेस मोठा असतो, मग बारीक होतो, मग बुडबुडे ‘फट्’ करून फुटायला लागतात आणि कडेला तूप दिसतं. अजून थोडा सैल आहे असं वाटतं तेव्हाच उतरवा, गार झाल्यावर घट्ट होतो. सगळं मिळून तास-सव्वातास. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो.

गोकाकहून

धबधबा बावन्न मीटरचा, पण घटप्रभेवर वरच्या बाजूला हिडकल धरण आणि धुपदाळचा बंधारा आहे. म्हणजे गावात पाऊस पडला म्हणून धबधबा भरेलच असं नाही. धरणातून पाणी सोडल्याची बातमी बघून निघा. नोव्हेंबर ते मार्च धुपदाळला पाहुणे पक्षी येतात, त्यात करकोचेही असतात. दुर्बीण आणा, भडक कपडे नकोत.

इथनं करदंट, म्हणजे डिंकाची वडी, नेताना एक ध्यानात ठेवा. कन्नडात ‘करिद’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. गुळात बांधलेला असल्यानं थंडीत घट्ट होतो, आणि कवळीला चिकटतो. वडी सुरीनं बारीक कापून, गरम चहाच्या कपावर बशीत मिनिटभर ठेवली की मऊ पडते.

अनगोळहून, पुन्हा

कुंद्याबद्दल एक राहिलं. दही गोडसर, ताजं घ्या. शिळ्या दह्यानं एका चमच्यातच दूध फाटतं.